कच्चा टाका

प्रफुल्लने माळ्यावरून बापाचा जुना अँप्लिफायर खाली उतरवला तेव्हा त्याच्या बायकोने, रीनाने, आधी झाडू आणला आणि मग डोक्याला हात लावला. खोकं कसलं, चांगला पेटाराच होता तो. पुढची जाळी उंदरांनी कुरतडलेली, आत धूळ बसलेले काचेचे वॉल्व्ह, आणि वजन असं की उतरवताना नवऱ्याची कंबर धरली.

"भंगारवाल्याले द्या न," रीना म्हणाली.

"बाबाची निशानी हाये ते," प्रफुल्ल म्हणाला आणि त्याने तो पेटारा थेट बैठकीतल्या टेबलावर ठेवला. लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून खाली आईची गोधडी चौपदरी घडी घालून अंथरली. कामात तो असा नीटनेटका, आणि आपण नीटनेटके आहोत हे दुसऱ्याला सांगण्यात त्याहून पुढे.

त्याचे वडील बाबाराव रेल्वेत होते. कॉलनीतली भीमगीतांची पार्टी त्यांचीच. त्यांनी कलकत्त्याहून हा अँप्लिफायर आणला आणि त्यावर त्यांचे दोस्त भैय्यालालकाका गिटार वाजवायचे. काका इलेक्ट्रिक गिटार शिकले ते एका अँग्लो-इंडियन गार्डकडून, पण त्यावर वाजवली आयुष्यभर भीमगीतंच. बाबाराव वारले आणि पेटारा माळ्यावर गेला.

आता मात्र वेळ वेगळी होती. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आणि गावात रुबाब असा की पानठेलेवालासुद्धा मंत्रालयातून आत्ताच उठून आल्यासारखा बोलायचा. भीमजयंतीला दर कॉलनीला आपलाच मंडप मोठा हवा होता. पार्टीतल्या शेखरने नवा की-बोर्ड घेतला होता. प्रफुल्लच्या मनाने घेतलं की स्टेजवर बाबांची मशीन वाजली पाहिजे, आणि ती दुरुस्त केली कोणी, हेही लोकांना कळलं पाहिजे.

तो टेलिफोन खात्यात होता, हाताला कसब होतं. घाई न करता त्याने आधी मशीन सिरीजच्या बल्बवर लावली, म्हणजे आत कुठे शॉर्ट असलाच तर बल्ब पेटेल, मशीन जळणार नाही. सुकलेले कंडेन्सर बदलले. वॉल्व्हचे पाय स्पिरिटने पुसले. घरघर येत होती ती एकेक तार तपासून घालवली. जयंतीच्या आदल्या दिवशी गिटारची केबल खोचायच्या भोकाकडून येणारी एक तार तुटलेली दिसली, तेव्हा कथील वितळवून तिथेही टाका मारला. वॉल्व्ह नारिंगी पेटले, गोधडीवर बसलेल्या मशीनमधून स्वच्छ आवाज आला, आणि प्रफुल्लने शेजाऱ्यांना बोलावून बोलावून तो ऐकवला.

जयंतीला संध्याकाळी मैदान भरलं. स्टेजच्या फळ्यांवर मशीन, शेजारी खुर्चीवर काका. त्यांची एक सवय होती, उजव्या पायाने दणादण ताल धरायचा. साऱ्या पार्टीला ती सवय ठाऊक होती. ढोलकवाला गंगाधर तर काकांच्या पायाकडे बघूनच वाजवायचा.

पहिलंच गाणं सुरू झालं आणि मशीन खरखरली. नेमकी समेवर. पुन्हा खर्र, पुन्हा समेवरच. जणू दर ठेक्याला काकांचा हात तारांवर घसरत होता. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ओ भैया, डब्बा हटाओ, की-बोर्ड बजाओ!"

प्रफुल्लच्या अंगाचा तिळपापड झाला. तो धावत स्टेजवर गेला, मशीनवर वाकला. दिवे नीट, तारा नीट, वॉल्व्ह नीट. मग तो काकांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "काका, मशीनले काई नाई झालं. हात गेला तुमचा आता."

बोलला हळूच, पण गाण्याचा माईक त्याच्या हनुवटीखालीच होता आणि चालू होता. ते वाक्य चारी भोंग्यांतून मैदानभर गेलं. मागे पोट्टे हसले.

काकांनी गिटार थांबवली. केबल काढून तिचं नीट वेटोळं केलं, ते मशीनवर ठेवलं आणि गिटार काखेला मारून पायऱ्या उतरून गेले. शेखरने की-बोर्ड पुढे ओढला. प्रफुल्लला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं ते कोणीतरी बोलायलाच हवं होतं, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि दोन घास जास्तच जेवला.

आठवडा गेला असेल. रीनाने गोधडी धुवायला काढली आणि मशीन उघड्या टेबलावर आली. प्रफुल्लने तिला रेडिओ जोडला होता. स्वयंपाकघरात रीना खलात लाल मिरच्या कुटायला बसली. पहिला घाव बसला आणि मशीन म्हणाली, खर्र.

दुसरा घाव, खर्र.

"थांब!" प्रफुल्ल ओरडला. रीना थांबली. मशीन गप्प. "कूट." खर्र. त्याने स्वतः फरशीवर पाय आपटून पाहिला. खर्र.

मशीन बंद करून, आतली वीज उतरू देऊन त्याने ती उघडली आणि लाकडी काडीने एकेक टाका ढोसून पाहिला. बापाच्या काळचे टाके एकजात घट्ट. हलला तो एकच, जयंतीच्या आदल्या दिवशी घाईत मारलेला त्याचा स्वतःचा. कथील थंड व्हायच्या आत तार हलली असणार. धक्का बसला की ती सुटायची, आणि गोधडी इतके दिवस तो धक्का पिऊन टाकत होती. स्टेजच्या उघड्या फळ्यांवर काकांचा पाय पडला, की बोलायचा तो प्रफुल्लचा कच्चा टाका.

आणि लाजिरवाणी गोष्ट ही, की त्याच्या मनात पहिल्यांदा काका आलेच नाहीत. हे कोणी पाहिलं तर नाही ना, हे आधी आलं. पाहिलं होतं. रीना मिरचीने माखलेला हात तसाच धरून दारात उभी होती.

"काकांले सांगसान न?"

"सांगतो न."

टाका पक्का झाला, सांगणं मात्र राहिलं. त्याने आधी पळवाट काढून पाहिली. "मशीन अजून चांगली केली, वाजवायले या" असा निरोप धाडला. काका आले नाहीत. मग रीना त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली, तेव्हा कुठे तो काकांच्या घराकडे निघाला.

काका जमिनीवर बसले होते. सरलाकाकू कोमट जवसाच्या तेलाने त्यांचा उजवा हात चोळत होत्या. खिडकीत गोळ्यांची पाकिटं होती. गिटार कपाटावर, चादरीत गुंडाळलेली.

"डॉक्टर म्हणते नस दबली असन," काका म्हणाले. "बेस केलं तू बोलला ते. मले तं समजतच नोहतं, पोट्ट्या."

प्रफुल्लला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. टाका, गोधडी, मिरच्या, पायाचा दणका.

काकांनी तेलकट हात उलटापालटा करून पाहिला. "म्हंजे हा हात चांगला हाये?"

"चांगला हाये काका. कधीच गेला नोहता."

काका बोटं उघडून मिटून पाहत राहिले. बोलल्या काकू. तेलाची वाटी बाजूला सारून म्हणाल्या, "गाली देली माईकवर, आन माफी मांगून राहिला घरात? हे चालन काहून?"

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी तेच मैदान, त्याच फळ्या. प्रफुल्ल माईकसमोर उभा राहिला. वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"जयंतीले जे खरखर आली," तो म्हणाला, "ते माह्या हातानं आली. टाका मीच कच्चा मारला होता. काकाचा हात चांगला होता. म्या झूठ बोललो."

पुढे बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक पोट्टा म्हणाला, "हव, चलो अब गाना बजाओ." बस, एवढंच. कान तापून लाल झाले, आणि तो स्टेजच्या कडेला मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

काका आले. गिटार लावली. आवाज आला तो बाबारावांच्या वेळचाच, भरलेला, जरासा खरबरीत. लोक सावरून बसले. प्रफुल्लचं लक्ष मात्र काकांच्या पायांकडे होतं. चपला खाली होत्या. दोन्ही पाय काकांनी खुर्चीच्या आडव्या दांडीवर चढवून ठेवले होते.

गंगाधरने सवयीने खाली पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. त्याचा हात चुकला. गाणं एकीकडे आणि ढोलक दुसरीकडे जायला लागली.

"काका, मारा न पाय," प्रफुल्ल खालच्या आवाजात म्हणाला. "आता काई नाई होत. पक्का केला."

काकांनी वाजवता वाजवताच मान हलवली. नाही.

तेव्हा प्रफुल्लने मशीनला चिकटून स्वतःचा पाय फळीवर आपटला. धप्प. मशीन हू की चू करीना. धप्प, पुन्हा धप्प. गंगाधरला ठेका सापडला, गाणं रुळावर आलं. काकांनी एकदा त्या आपटणाऱ्या पायाकडे पाहिलं, एकदा मशीनकडे पाहिलं, आणि आपले पाय आणखी आत ओढून घेतले.

गाणं संपेपर्यंत प्रफुल्ल सगळ्या मैदानासमोर पाय आपटत राहिला. टाळ्या पडल्या, अजून एक व्हावं म्हणून लोक ओरडले. काकांनी दुसरं गाणं धरलं, आणि त्यांचे पाय दांडीवरच होते.