धानोऱ्याचा काळा करकोचा

दुर्बिणीच्या डाव्या काचेवर कापसाचा एक तंतू होता, आणि त्यामुळे समोरच्या पाण्यावर एक पांढरी रेघ उभी राहिली होती, थेट बगळ्याच्या मानेसारखी. अनीसने शर्टाच्या टोकाने काच पुसली. रेघ गेली. तलाव रिकामाच होता.

थंडी म्हणजे रजयांचे दिवस; दुकानात कापूस पिंजून पिंजून तो केसांत, भुवयांत, दुर्बिणीच्या पेटीतसुद्धा जातो, आणि तरी गेल्या अकरा हिवाळ्यांत पहाटे नंदुरबारहून मोटारसायकल काढून धानोऱ्याच्या या पाझर तलावावर येणं त्याने चुकवलं नव्हतं… कारण आठ वाजता भाग्येशला सांगायचं असायचं. काय दिसलं, किती दिसले, कुठल्या अंगाला. फोनवर बोलून पाठवायचं, अहिराणीत. सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या मित्राशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? अनीस सातवीनंतर दुकानात बसला, भाग्येश शिकून मास्तर झाला. पक्ष्यांच्या नोंदी करायच्या मोबाइलवरच्या अॅपमधलं खातं त्याचं, त्यातलं इंग्रजीही त्याचं. "तुन्हा नाववर लिखी टाक, काय फरक पडस," असं पहिल्याच वर्षी अनीस म्हणाला होता. मीच म्हणालो होतो, त्याने आता स्वतःला बजावलं. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती.

काळे करकोचे दिसले त्याला महिना झाला. दोन होते. पांढऱ्या मानेचे इथे दर वर्षी असतात, म्हणून भाग्येश तीन दिवस हसत होता — "अनीस, चष्मा बदली टाक." पण मान काळीच होती, चोच आणि पाय मिरचीसारखे लाल. चौथ्या दिवशी भाग्येश कॅमेरा घेऊन आला, बांधाआड शेजारी पालथा पडला, आणि तासभर दोघांपैकी कुणी खोकलंसुद्धा नाही. उठताना त्याने अनीसच्या खांद्यावरचा कापूस झटकला. हे पक्षी माणसाला फार बुजतात, तेव्हा जागा कुणाला सांगायची नाही, हे तेव्हाच ठरलं. "मायनी आन," भाग्येश आपणहून म्हणाला. ती माय, जमनाबाई, अजून अनीसने भरलेलीच रजई पांघरते.

आणि शुक्रवारी जाहेदाने चहाबरोबर पेपर पुढे सरकवला. "ये तुम्हारावालाच पंछी है ना? फिर नाम भाग्येशभाई का कैसा?" बायकोच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. फोटो, खाली भाग्येशचं नाव, आणि शेवटच्या ओळीत तलाव — गावासकट. नावाचं आपल्याला काही नाही, असं तो दिवसभर कापूस पिंजताना स्वतःला सांगत राहिला. खोटं. नावाचं वाटलं. जागेचं त्याहून वाटलं, आणि सगळ्यांत जास्त हे, की आदल्या सकाळीसुद्धा भाग्येशने त्याचा निरोप ऐकून रोजच्यासारखा अंगठा पाठवला होता.

रविवारी बांधावर गाड्याच गाड्या. कुणीतरी ड्रोन उडवला आणि दोन्ही करकोचे तापीकडे निघून गेले, मागे वळून न बघता. "पेपरवालासनी इचारं, मी सांगी दिन्हं… मन्हा काय दोष?" भाग्येश हळूच म्हणाला. मग सुरतेहून आलेल्या पाहुण्यांकडे वळून, मोठ्याने, शाळेत बोलतो त्या मराठीत — "हे आमचे रजईवाले अनीसभाई. यांनाही पक्ष्यांची थोडी आवड आहे."

थोडी.

आज मंगळवार. चिखलात टायरांचे माग वाळले होते, पाण्यावर चार टिटव्या. कशाला आलो, हे त्याला सांगता आलं नसतं. दुकानात आठ रजया भरायच्या पडल्या होत्या. तो उठला, गाडीकडे निघाला, आणि तलावाखालच्या नाल्यात, कपाशीच्या शेताआड, त्याला लाल चोच दिसली. एकटाच होता. घोटाभर पाण्यात, मान आखडून.

अनीस खाली बसला. मग एवढंच कळलं की फोन तोंडाशी आहे, अंगठा दाबलेला आहे, आणि आपण बोलतोय — "भाग्या, आयक… एक शे. तलावना खाले, नालामा…" — आणि तिथे तो थांबला. अंगठा उचलला की निरोप जाणार. डावीकडे सरकवला की पुसला जाणार. सेकंद पुढे पळत होते.

मला राग आला आहे, त्याने स्वतःला आठवण करून दिली. होताच राग, दाबून भरलेल्या गाठोड्यासारखा. हे जाहेदाला सांगता येईल, ती ऐकेलही, पण मान पांढरी नाही, काळी आहे, यात एवढं काय, हे कळणारा उभ्या नंदुरबारात एकच माणूस होता, आणि त्याने मला पाहुण्यांसमोर रजईवाला म्हटलं. करकोचे उडाले तेव्हा इतकं दुखलं नव्हतं. आता, हा परत आल्यावर, दुखत होतं.

करकोच्याने एक पाय उचलला आणि तसाच धरला. अनीसचा अंगठा भरून आला होता. त्याने तो दाबून ठेवला.