टेलरताईंचा सोळा घरांचा वाफा

मित्रांनो, मी एक जुना वाफा आहे. शेतातले माझे भाऊबंद जमिनीला टेकलेले असतात, मी मात्र लाकडी आहे, चौरस आहे आणि माणसाच्या गुडघ्याएवढा उंच आहे. माझ्या फळ्यांचा रंग कधीच उडाला. एका कोपऱ्यातला खिळा बाहेर डोकावतो आणि जाणाऱ्यायेणाऱ्याच्या कपड्यांना धरतो. पण माझ्या पोटातली माती हातात घेऊन पाहाल, तर खाली ठेवावीशी वाटणार नाही. ती अशी कुणी केली, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

त्यांना सगळी गल्ली टेलरताई म्हणत असे. कोट, झगे, शाळेचे गणवेश, त्यांच्या हातून उतरलेले कापड अंगावर कसे छान बसायचे. पण उमेदीच्या वयातच त्यांना डोळ्यांचा आजार जडला. आधी सुईचे नेढे दिसेनासे झाले, मग दोऱ्याचे रंग आणि शेवटी खिडकीतला उजेडसुद्धा. एके दिवशी त्यांनी शिलाई मशीनवर स्वतःच्या हाताने झाकण घातले आणि त्या थोरल्या भावाच्या घरी राहायला आल्या. हा भाऊ सुतार होता.

मागच्या अंगणाकडे उघडणारी खोली ताईंना मिळाली होती. खुर्चीत बसून त्या साडीच्या पदराची एकच कड चाचपत राहायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "दादा, नुसतं बसून हातांना मुंग्या येतात रे. काहीतरी काम दे."

"काय देऊ? करवत देऊ?" सुतारदादांनी हसत विचारले.

"करवत नको, बोटं मोजकीच आहेत. माती दे."

दादांनी ती गोष्ट मनावर घेतली. एका पाडलेल्या गोदामाच्या फळ्या त्यांनी तासल्या आणि मला बनवले. ताईंना फार वाकावे लागू नये आणि चालताना गुडघ्याला माझी कड लागावी, म्हणून मला उंची दिली. चारही बाजूंनी हात मधोमध पोचावा, एवढीच रुंदी ठेवली. मग कडांवर खिळे ठोकून आडव्याउभ्या दोऱ्या ताणल्या. माझी सोळा घरे झाली, प्रत्येक घर एकेक फुटाचे.

ताईंनी दोऱ्यांवरून बोटे फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे तर चौकडीचं कापड!"

इथवर सगळे चांगले होते. पण दादांनी मला भरायला माती आणली ती एका इमारतीच्या पायातून निघालेली. तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी दडून बसल्या होत्या. लव्हाळा म्हणजे मोठे चिवट गवत. वरून उपटले तरी खाली गाठ शाबूत असते आणि दोन दिवसांत ते पुन्हा मान वर काढते. शिवाय ती माती अशी, की पाणी घातले की चिखल आणि वाळली की वीट.

ताईंनी सगळीकडे गाजराचे बी फेकले. कोंब आले. ताई रोज गवत काढू लागल्या. एका सकाळी वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि ओरडल्याच, "अहो वन्सं, गाजरं उपटलीत आणि गवत ठेवलंत की!"

त्या हसल्या. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण ते हसू ताईंना लागले. त्यांनी हातातली रोपे खाली ठेवली, हात धुतले आणि त्या आत निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस अंगणाचे दार उघडले नाही. लव्हाळ्याला मोकळे रान मिळाले. दोऱ्याही त्याच्यात बुडाल्या. मित्रांनो, आपल्या अंगावर एवढी हिरवळ असूनही आपण ओसाड आहोत, असे मला तेव्हा वाटत असे.

शेवटी वहिनींनी विषय काढला. "हा खोका हलवा. तिथे दोरी बांधली तर चादरी तरी वाळतील."

दादांना मला मोडवेना. ते दुकानातून तणनाशकाची बाटली घेऊन आले. त्यांनी झाकण फिरवले मात्र, आत ताईंपर्यंत वास गेला. त्या दाराची चौकट धरून बाहेर आल्या.

"दादा, कसली बाटली आहे?"

"तणनाशक. एकदा मारलं की कटकट मिटेल."

"नको मारूस." ताई म्हणाल्या. "तुम्ही माती डोळ्यांनी बघता. मला हात घालूनच बघावी लागते. तिच्यात विष ओतलंस तर मी बघू कशी?"

दादांनी झाकण लावले. वहिनी मात्र म्हणाल्या, "मग हे जंगल आवरणार कोण?"

"मी आवरीन. सगळं नाही जमणार एकदम. एक घर आवरते, मग दुसरं."

आणि मित्रांनो, मी जे पाहिले ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ताईंनी कोपऱ्यातले एक घर निवडले. बाकीच्या घरांवर त्यांनी खोक्यांचे जाड पुठ्ठे भिजवून अंथरले आणि वर वाळलेला पाला पसरला, म्हणजे तणाला ऊन मिळणार नाही. मग त्या एका घरातली माती मूठमूठ काढून बोटांनी चाळू लागल्या. लव्हाळ्याची गाठ त्यांच्या बोटांना मण्यासारखी लागे. ढेकूळ दाबले की फुटते, खडा गार लागतो आणि गाठ मात्र घट्ट, केसाळ. गाठी त्या डब्यात टाकत. त्यांची नखे झिजली, बोटांना चिरा पडल्या, पण घाई म्हणून नाही. जुनी शिवण उसवताना कापड फाटू नये, तशी त्या माझी माती उसवत होत्या.

चाळलेल्या मातीत त्यांनी कंपोस्ट मिसळले. ते करायला दादांनी एका पिंपाला भोके पाडून दिली होती. त्यात भाज्यांची साले, चहाचा चोथा आणि लाकडाचा थोडा भुसा जाई. भुसा जास्त झाला, की ताई पिंपात हात घालून म्हणत, "कोरडं झालंय, ओला कचरा हवा." वहिनी सुरुवातीला नाक मुरडत साले आणून द्यायच्या. पुढे पुढे त्या शेजारणींकडूनही साले मागून आणू लागल्या.

एक अडचण उरली होती. रोप कोणते आणि तण कोणते, हे कसे ओळखायचे? एके दुपारी ताई आपला जुना बटणांचा डबा घेऊन आल्या. कोटाची मोठमोठी बटणे होती ती. त्यांनी बी फेकले नाही. दोरीपासून बोटांनी अंतर मोजून एकेक बी पेरले आणि त्याच्या उजव्या अंगाला एकेक बटण मातीत दाबले.

"हे काय आता?" वहिनींनी विचारले.

"बटणाशेजारी उगवेल ते माझं. बाकीचं उपरं."

कोंब आले तेव्हा ताई रोज सकाळी बटणे चाचपत फिरल्या. बटणापाशी बोट हलके व्हायचे, इतरत्र चिमूट पकडायची. तण कोवळे असतानाच निघत असल्यामुळे त्याला फुलायला, बी धरायला सवडच मिळाली नाही. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे गच्च मिटले आणि स्वतः एक घर खुरपून पाहिले. डोळे उघडले तेव्हा हातात पालकाचे रोप होते.

"वन्सं," त्या खाली बघत म्हणाल्या, "मी त्या दिवशी हसायला नको होतं."

"आज मी हसते, म्हणजे झालं," ताई म्हणाल्या, आणि दोघीही मनापासून हसल्या.

असे एकेक घर सुटत गेले. लव्हाळ्याने सहजासहजी हार मानली नाही. कुठेतरी एखादे पाते वर यायचे आणि ताई गाठीपर्यंत बोट घालून ते काढायच्या. सोळाही घरे मोकळी व्हायला वर्ष उलटून गेले. माझ्यावर कुणी पाय देत नसल्यामुळे माती दबली नाही. पीक निघालेल्या घरात नव्या बियांआधी ओंजळभर कंपोस्ट पडे. गांडुळे आली. वीट होणारी ती माती भुसभुशीत झाली. मुळे, पालक, कोथिंबीर, घेवडा, सगळे माझ्यात नांदले. ज्या गाजरांनी ताईंना रडवले होते, ती सरळ आणि लांब निघाली. दादा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अंगणात ओढून आणायचे. भाज्या राहू द्या, मातीतच हात घालायला लावायचे.

गेल्या वर्षीची गोष्ट. पलीकडच्या गल्लीतले, घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी आपल्या बायकोचा हात धरून आले. त्यांचीही नजर जात चालली होती. दुकान बंद केल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते. अंगणातही तोंड फिरवून उभे राहिले.

"मला भाजीबिजीत रस नाही," ते म्हणाले.

"नसू दे," ताई म्हणाल्या. "या घरात एक उपरा घुसलाय, तेवढा काढून द्या."

त्यांनी घड्याळजींचा हात माझ्या मातीवर ठेवला. बराच वेळ तो नुसताच पडून राहिला. मग बोटे हलली. दोरी सापडली, बटण सापडले, शेजारचे रोप सापडले. बोटे पुढे सरकली, एका पात्यापाशी थांबली, खाली गेली आणि गाठीसकट लव्हाळा वर आला.

घड्याळजींनी ती गाठ बोटांत फिरवली. "बारीक काम आहे," ते हळूच म्हणाले.

"आहेच मुळी."

"उद्या येऊ?"

त्यांच्या बायकोने पटकन पाठ फिरवून डोळे पुसले. ताईंना ते दिसले नाही, पण मला वाटते, त्यांना कळले.

आता माझ्या फळ्या कुजू लागल्या आहेत. एखादी फळी निखळली, तर माती अंगणभर होईल. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा वाफा असेल, तर त्याची फळी वेळेवर बदला. माती उघडी टाकू नका, तिच्यावर पाला पांघरा. तण लहान असतानाच काढा. आणि वाफ्यात तण माजले म्हणून त्याला मोडीत काढू नका. एका घरापासून सुरुवात करा.