दुधाची काडी

"दोन चुली," कोकब म्हणाली. शेळीच्या सडांवरचा तिचा हात काही थांबला नाही.

बिरजंदहून शिरगणतीला आलेली मरजान उंबऱ्यावर टेकली होती. वाटेत तिनं पाहिले होते ते घरांचे ढासळलेले मातीचे घुमट आणि एकाच घुमटावरचा धूर. तिनं विचारलं, "दुसरी चूल कुणाची, खाला?"

"तूबाची. डोळ्यांच्या ऑपरेशनला लेकीकडं गेलीय मशहदला. येईल."

तूबा गेली वसंतात, नवरोजचा सण झाल्यावर. आता शरद आला, डाळिंबं पिकून फुटत होती. शुक्रवारी कोकबचा मुलगा तिला शहरात न्यायला येणार होता. तूबा येते म्हणाली, तर कोकब हलणार नव्हती.

या गावात एका घरच्या एवढ्याशा दुधाचं लोणी कधी निघालं नाही. म्हणून बायका आज सगळं दूध एकीकडं घालायच्या, उद्या दुसरीकडं. दुधात काडी उभी करायची, ओल जिथवर चढेल तिथं खूण करायची आणि परत देताना त्या खुणेच्या वर बोटभर घालायचं.

*खुणेवर घाल बोटभर,*
*उद्या बाई माझं घर.*

त्या बोटभरानं देणं कधी फिटत नसे. फिटलं की तुटलं, असं म्हाताऱ्या सांगत. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही. तळाशी निदान पुदिन्याचं एक पान तरी हवं. गाणाऱ्या बायका एकेक करत गेल्या, दोघी उरल्या. तूबाचं शेवटचं दूध कोकबकडं आलं होतं. ते तांब्याचं भांडं आणि तूबाच्या खुणेची काडी अजून कोनाड्यात होती.

मरजाननं समजावलं, की इतके महिने बाहेर असलेलं माणूस इथं धरता येत नाही. शिवाय तीनपेक्षा कमी घरं असली की गावाचं नुसतं नाव छापतात, आकडा नाही.

"तिलाच विचार की," कोकब म्हणाली.

फोन लागायचा तो छपरावरच. दोघी शिडीनं वर चढल्या.

"दिसतं का गं आता?" कोकबनं विचारलं.

"लख्ख. तुझ्या मिश्यासुद्धा दिसतील."

"मग ये की बघायला."

पलीकडं कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग तूबा हळू आवाजात सांगू लागली. सोबत नेलेल्या शेळ्या जावयानं विकल्या. शिरगणतीत तिचं नाव तिकडच्या घरात लिहून झालं.

"तुझं दूध राहिलंय माझ्याकडं," कोकब म्हणाली. "बोटभर वर देईन."

"राहू दे गं, कोकब. फिटलं समज."

कोकबनं फोन मरजानच्या हातात दिला आणि शिडी धरून सावकाश खाली उतरली.

"एक लिही," ती म्हणाली.

मग तिनं कोनाड्यातलं भांडं घेतलं, त्यात काडी उभी केली आणि ताजं दूध ओतलं. खुणेपर्यंत भरलं. थोडं थांबून बोटभर आणखी ओतलं आणि भांडं पोरीपुढं धरलं. "पी. लांबून आलीस."

मरजान सगळं प्यायली. भांडं दारापुढच्या पाण्याच्या पाटावर नेऊन विसळलं, ओढणीनं पुसून स्वच्छ, कोरडं परत दिलं, आणि गाडीत बसून निघून गेली.

कोकबनं भांड्यात वाकून पाहिलं. पाटाकाठचं पुदिन्याचं एक पान खुडून तळाशी टाकलं. भांडं तूबाच्या बंद दाराशी ठेवलं, वर काडी आडवी घातली, आणि शेळ्यांना हाक मारली.