गुरुवारची गाळलेली ओळ

कामगार कडूबाचे दोन्ही पंजे पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेले तो गुरुवार होता. हात आत असेल तर प्रेस थांबवणारा सेन्सर कडूबानंच बंद केला, असं सुपरवायझर विश्वजीतनं लिहून दिलं होतं.

सोमवारी सकाळी वाळूजच्या त्या कारखान्यात संगणक सांभाळणारा झीशान सर्व्हरच्या खोलीत बॅकअप तपासायला बसला. कोणत्या मशीनच्या नोंदींची प्रत कोणत्या वारी निघणार, ते एका फाइलीत ओळीनं लिहिलेलं असे. ती फाइल वाचून प्रत्येक मशीनचा बॅकअप झाला की चुकला ते दाखवणारी पर्ल स्क्रिप्ट, छोटा प्रोग्रॅम, त्याचीच होती. आज तिनं प्रेसचं नावच घेतलं नाही. फाइल उघडली तर त्या ओळीच्या तोंडाशी # होतं. अशी ओळ बॅकअपही सोडून देई आणि स्क्रिप्टही. ते चिन्ह टाकलं होतं गुरुवारी दुपारी, विश्वजीतच्या लॉगिननं.

प्रेसवरच्या नोंदीही आज सकाळीच पुसलेल्या होत्या. पण रविवारी ती फाइल न बघता सगळ्याच मशीनची पूर्ण प्रत निघते, हे विश्वजीतला ठाऊक नव्हतं. झीशाननं ती उघडली. सेन्सर बंद, गुरुवार, नऊ वाजून दहा मिनिटं, विश्वजीतचा कोड.

"पूस ते," मागून आवाज आला. विश्वजीतनं दाराला आतून कडी घातली होती.

"नाय पुसणार, साहेब. कडूबाचे हात गेलेत."

विश्वजीतनं त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. दोन दात तुटले. मग त्याचा उजवा हात सर्व्हरच्या रॅकच्या लोखंडी दारात घातला आणि दार लाथेनं बंद केलं. हाड मोडल्याचं झीशानला ऐकू आलं. डाव्या हाताला जुन्या यूपीएसची बॅटरी सापडली. ती त्यानं विश्वजीतच्या तोंडावर हाणली. तो पडला, तरी आणखी दोनदा हाणली.

मग डाव्या हातानं, रक्तानं निसटणाऱ्या बोटांनी, त्यानं ती नोंद कारखाना निरीक्षकाला मेल केली. चार मिनिटं लागली. विश्वजीत फरशीवर कण्हत होता. मेल गेल्यावरच झीशाननं कडी काढून माणसं बोलावली.

विश्वजीत वाचला, एक डोळा गेला. गुन्हा दोघांवरही दाखल झाला. कडूबावरचा ठपका निघाला.

हर्सूलच्या तुरुंगात झीशानला भेटायला कडूबाची बायको दीपमाला आली.

"भाऊ, तो पडल्यावर तरी थांबायचं होतं," ती म्हणाली.

"व्हय," झीशान म्हणाला. "थांबता आलं असतं. थांबलो नाय."