छत्रीमावशींनी धरलेलं दार

आमच्या घराला बाहेरचे सगळे शिलाईचा कारखाना म्हणतात. मशिनं खरी आहेत, कपडेही खरेच शिवतो. फक्त शिवणारे सगळे जादू करणारे आहेत, एवढंच. बाहेर आमच्यासारख्यांना पकडत शोधपथक फिरतं, म्हणून कुठून कुठून पळून आलेली माणसं इथे राहतात. प्रत्येकाची विद्या वेगळी. माझी आई गाठी मारते. शीळकाका शीळ घालून वस्तूंना हुकूम सोडतात. आणि प्रत्येकाला वाटतं की आपलीच विद्या खरी, बाकीचे नुसते टाइमपास करतात!

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. नव्या माणसाला कायमचं राहायचं असेल तर त्यानं एक दुपार आपल्या विद्येनं पुढचं दार धरून दाखवायचं. घरातलेच लोक बाहेर जाऊन परके बनतात आणि दार ढकलतात. ते उघडलं, तर त्या माणसानं दुसरा आसरा शोधायचा.

त्या दिवशी पाळी होती छत्रीमावशींची. त्या छत्र्या दुरुस्त करायच्या, म्हणून हे नाव. त्यांची विद्या म्हणजे वस्तूला विचारणं. बस, विचारणं! ‘ही कसली जादू, ही तर बडबड,’ म्हणून त्यांना आधीच्या आसऱ्यातून काढलं होतं. आता इथेही नाही जमलं तर जायला जागाच नव्हती. त्यांची ट्रंक अजून जिन्याखाली बंदच पडली होती.

मलाही शाळेतून येताना परकी बनायचं होतं. पण झालं काय, त्या दिवशी मी वर्गात पहिल्यांदाच आपणहून हात वर केला, आणि उत्तर चक्क बरोबर आलं! माझे पाय जमिनीवर नव्हते आणि पोटात कावळे कोकलत होते. दारात शीळकाका पथकवाल्यांसारखी टोपी घालून, घामाघूम होऊन खांदा लावत होते.

“सरका हो काका,” म्हणत मी दार ढकललं. उघडलं. मी आत गेले, आणि काकांच्या नाकासमोर ते धाडकन बंद झालं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला तर परकी बनून ढकलायचं होतं!

“उघडलं!” दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून काका ओरडले. “नियम म्हणजे नियम!”

“हळू बोला, रस्ता आहे तो,” आई म्हणाली.

मावशी उठून जिन्याखाली गेल्या आणि ट्रंकेची कडी धरली. माझी भूकच मेली.

“मावशी, थांबा! तुम्ही दाराला नक्की काय विचारलंत?”

“विचारलं, घरच्यांना ओळखतंस का? हो म्हणालं. मग म्हटलं, त्यांना येऊ दे, बाकीच्यांना नको.”

“मग काका का अडकले?”

“ते दाराला म्हणाले ना, मी परका आहे. घरच्या माणसाचा शब्द कसा मोडेल ते?”

आईला हसू आवरेना. “माझ्या गाठीनं तर एकदा मलाच भाजीच्या पिशवीसकट बाहेर ठेवलं होतं!”

मी फटीला तोंड लावलं. “काका, नियम परक्यांसाठी आहे. मी परकी नव्हतेच. व्हायला विसरले!”

“आणि उद्या पथकवाला म्हणाला, मी घरचाच, तर?”

“दार त्याला ओळखतच नाही,” मावशी म्हणाल्या.

“दाखवा करून!”

तेवढ्यात दोऱ्यांची खोकी घेऊन दोरेवाला आला. त्याच्याइतकं गोड बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. काका त्याला म्हणाले, “जरा म्हणा हो, मी घरचाच आहे.”

“अहो, घरचाच की मी!” म्हणत दोरेवाल्यानं दार ढकललं. ढिम्म. दोन्ही हातांनी ढकललं. ढिम्म. “दार फुगलंय वाटतं. सुतार पाठवू?”

“नको, नको. खोकी ठेवा तुम्ही,” काका म्हणाले. तो गेला. मग फटीतून आवाज आला, “ठेवा त्यांना. माझी हरकत नाही. आता मला आत घ्या.”

“ते तुम्ही दाराला सांगायला हवं,” मावशी म्हणाल्या.

काकांनी जन्मभर वस्तूंना फक्त हुकूमच सोडलेले. मी फटीतून बघितलं. त्यांनी टोपी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि दाराच्या कानात सांगावं तसे वाकले.

“अरे, मी... मी घरचा आहे.”

दार उघडलं. काका खोक्यांसकट आत आले आणि कुणाकडेही न बघता मशिनवर जाऊन बसले.

मावशींनी ट्रंक उघडली. सगळ्यात वर त्यांची स्वतःची छत्री होती. ती त्यांनी दाराशेजारच्या खुंटीला अडकवली, आमच्या छत्र्यांमध्ये.