प्रेसखालची काकडी

शेखरला तोंडघशी पडताना मला पाहायचं होतं, आणि तेही चार लोकांत.

सिन्नरच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस बनतात. कामगाराचा हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारं सर्किट माझं. त्यातला प्रोग्राम मी एकोणीस वर्षांपूर्वी असेंब्लीत लिहिला, म्हणजे चिपच्या स्वतःच्या भाषेत, एकेक पायरी सांगत. इतक्या वर्षांत एकाचंही बोट गेलं नाही.

मग इंदिरानगरहून रोज कारने येणारा हा पोरगा आला. त्याने सगळं सी भाषेत नव्याने लिहिलं. वाचायला सोपं, बदलायला सोपं, मान्य. मी एवढंच म्हणालो, "बाकी सगळं सीमध्ये घे. हात दिसला की थांबायचं, तेवढा तुकडा असेंब्लीत राहू दे."

भर मीटिंगमध्ये, मालक धनराजशेठसमोर, तो हसला. "इनायतचाचा, तो तुकडा म्युझियमला देऊन टाकू." शेठही हसले. दुसऱ्या दिवशी माझं टेबल स्टोअरमध्ये गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती काही उतरली नाही.

स्टोअरमध्ये बसून मी त्याचा प्रोग्राम ओळ न ओळ चाळला. चौथ्या दिवशी सापडलं. प्रेसच्या डिस्प्लेवर आकडे लिहिताना चिप दुसऱ्या कशाकडेच बघत नव्हती. नेमका त्याच वेळी हात आत गेला, तर प्रेस थांबणार नव्हती. दोष भाषेचा नव्हता, त्याच्या घाईचा होता. सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही.

गिऱ्हाइकाला प्रेस दाखवताना आम्ही हाताऐवजी काकडी आत सरकवतो. काकडी शाबूत राहिली की ऑर्डर पक्की. शेखरची काकडी पाहुण्यांसमोर चेचली जाणार, या विचारावर मी पंधरा दिवस मजेत डबा खाल्ला.

तो दिवस आला. ओझरहून आलेले पाहुणे प्रेसभोवती उभे राहिले. प्रेस चालवणारा सहादू पेडलपाशी होता, मी मेन स्विचपाशी. शेखरने काकडी उचलली आणि बाजूला ठेवली.

"काकडी कशाला? माझ्या प्रोग्रामवर माझा भरवसा आहे. सहादू, दाब. मी हात घालतो."

"नका ना साहेब," सहादू म्हणाला, "आपली काकडीच बरी हाय."

"दाब म्हणतो ना!"

प्रेस खाली यायला लागली. त्याने हात आत घातला. माझा हात स्विचवर होता. शेवटी मी स्विच ओढला. प्रेस त्याच्या बोटांच्या वर वीतभर अडकली.

"चाचा घाबरले," शेखर म्हणाला. पाहुणे हसले.

"आता काकडी घाल," मी म्हणालो. "आकडे बदलत असताना."

तिसऱ्या खेपेला काकडीचा चिखल झाला. कुणी हसलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" शेठनी विचारलं.

"पंधरा दिवस."

शेखरने माझ्याकडे पाहिलं. त्याची ती नजर मला हवी होती. मिळाली, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमची प्रेस दीड सेकंदात खाली येते. त्यातला एक सेकंद माझा हात स्विचवर होता आणि मी नुसता बघत होतो. ते कुणी विचारलं नाही.