वाकड्या पट्ट्याचा रणगाडा

मी एक जुना रणगाडा आहे. मित्रांनो, घाबरू नका. माझी लांबी साडेअकरा सेंटिमीटर आहे आणि मी प्लास्टिकचा आहे. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या एका फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटात मी राहतो.

ज्याची मी पस्तीसपट लहान प्रतिकृती आहे, तो हलका जर्मन रणगाडा १९३४ च्या सुमारास तयार झाला. तो मुळात लढण्यासाठी नव्हताच. कारखान्यांनी रणगाडा बांधायला आणि सैनिकांनी तो चालवायला शिकावे, एवढ्यासाठी तो होता. वजन जेमतेम साडेपाच टन, इंजिन साठ अश्वशक्तीचे, रस्त्यावरचा वेग ताशी सदतीस किलोमीटर. तोफ नाही, फक्त दोन मशिनगन. सर्वांत जाड पत्रा तेरा मिलिमीटरचा. बंदुकीची साधी गोळी तो अडवत असे, त्याहून मोठे काही नाही. तरीही पुढे त्याला खऱ्या युद्धात पाठवले, आणि तो पातळ पत्रा आत बसलेल्या दोघांना अनेकदा वाचवू शकला नाही. याचे मला वाईट वाटते. माझ्या वाट्याला मात्र फक्त शिकवण्याचेच काम आले. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

२०१४ च्या जानेवारीत मी सिंगापूरच्याच आंग मो किओ भागातल्या एका इमारतीखालच्या दुकानात, सुट्या तुकड्यांच्या रूपात, खोक्यात पडून होतो. तिथून उल्काताईंनी मला घरी आणले. त्या जवळच्याच एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर होत्या. त्यांचे वडील श्रीनिवास, म्हणजे अण्णा, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे रणगाडे दुरुस्त करून निवृत्त झाले होते आणि नगरला एकटेच राहत होते. आदल्या पावसाळ्यात पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला, म्हणून उल्काताई त्यांना सिंगापूरला घेऊन आल्या होत्या.

अण्णांना नगरला परत जायचे होते. उल्काताईंची अट एकच होती: शर्टाची बटणे त्यांची त्यांना लावता आली पाहिजेत. अण्णांचा व्हिजिट पास, म्हणजे सिंगापूरला राहण्याचा परवाना, मार्चअखेर संपत होता. तोवर जमले नाही, तर पास वाढवायचा आणि इथेच राहायचे.

बोटांना व्यायाम म्हणून चिमटीने वाटाणे उचलायला सांगितले होते. अण्णांनी दोन दिवस उचलले.

"उलके, वाटाणे निवडायला मी समुद्र ओलांडून आलो का?"

तेव्हा उल्काताईंनी माझे खोके त्यांच्यापुढे ठेवले. अण्णांनी वरचे चित्र पाहिले.

"हा रणगाडा? आमच्या वर्कशॉपमधला पाण्याचा टँकर याच्यापेक्षा जड होता."

पण त्यांनी खोके उघडले. अकरा वर्षांची नात ऋता सूचनापुस्तिका वाचून सांगू लागली. "कमांडर ऑर्डर देणार, गन चालवणार, वरचा गोल टरेटपण हातानेच फिरवणार. ड्रायव्हर खाली बसतो, त्याला नीट दिसत नाही. मध्ये एक पाइप आहे, त्यातून बोलायचं."

"एकट्या माणसाला एवढी कामं? हात किती होते त्याला?"

"टू ओन्ली लाह, आजोबा," ऋता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"म्हणजे माझ्यापेक्षा एक जास्त."

मित्रांनो, माझ्या चाकांवरून फिरणारे पट्टे अखंड नाहीत. एकेका बाजूला ऐंशीहून जास्त कड्या आहेत आणि प्रत्येक कडी तांदळाच्या दाण्याएवढी. ती कापून काढायची, कड घासायची, चिमट्याने उचलायची आणि गोंदाच्या थेंबावर टेकवायची. कडी फक्त उजव्या हातानेच बसवायची, असा नियम अण्णांनी स्वतःच केला. पहिल्या दिवशी एकच कडी बसली, तीही तिरपी. चिमटा दहा वेळा पडला. ऋताने हात पुढे केला.

"मी करू?"

"कर की. मग रोज सकाळी बटणं लावायलाही नगरला ये."

तिने हात मागे घेतला.

हा गोंद प्लास्टिकला मऊ करतो. एकदा अण्णांचा अंगठा माझ्या चिखलरोधकावर टेकला आणि त्याचा ठसा तिथे कायमचा उमटला. डाव्या पट्ट्याला पाच आठवडे लागले आणि तो नागमोडी झाला. उजवा अकरा दिवसांत पुरा झाला. तो मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ होता.

मार्चमधल्या एका सकाळी अण्णा चहाला येऊन बसले. उल्काताई त्यांच्या शर्टाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कप पुढे सरकवला.

"वरचं एक राहिलंय, अण्णा."

"ते मी कधीच लावत नाही."

आठवड्याने अण्णा नगरला गेले. मी कपाटावर चढलो आणि हळूहळू विसरला गेलो. धूळ साचली, खिडकीतल्या उन्हाने रंग पिवळा पडला. तक्रार नाही, माझे काम झाले होते. २०१८ मध्ये घर पासिर रिसला हलले, तेव्हा सामानाच्या खोक्यात माझा डावा पट्टा मागच्या बाजूला तुटला.

ऋताला मी सापडलो. ती आता पंधरा वर्षांची होती. तिने मला फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरले. पलीकडे नगरच्या घरात अण्णा होते.

"आजोबा, हा पूर्ण काढून मी नवीन लावते. एकदम स्ट्रेट. कॅन, जमेल."

"नको. तुटलाय तिथंच जोड. बाकी वाकडा राहू दे."

"पण राँग दिसतो."

"दिसू दे. नुसता उजवा बघून लोकांना वाटेल, मला काही झालंच नव्हतं."

ऋताने चिमटा घेतला आणि तुटलेल्या दोन कड्या जोडल्या. बाकीच्यांना हात लावला नाही. तेव्हापासून दर रविवारी ती मला साफ करते.

मित्रांनो, तुमच्यावर कधी हे काम आले, तर मला ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रश घ्या. उन्हात ठेवू नका. आणि डाव्या बाजूला, तिसऱ्या चाकाखाली, सहा कड्या फार तिरप्या आहेत. तिथे ब्रश हळू फिरवा. तो अण्णांचा पहिला आठवडा आहे.